खुन्याचा स्वेटर
अम्मानच्या त्या थंडीत आमच्या विद्यापीठात माणसाला किळस कशाची येते यावर प्रयोग चालला होता. मी टेबलावर तपकिरी स्वेटर ठेवायचे आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायचे, "हा एका खुन्याचा आहे. स्वच्छ धुतलाय. घालून बघता?" लोक खुर्ची मागे सरकवायचे. एका बाईंनी तर स्वेटरला न शिवताच हात धुऊन घेतले. मग औषधांच्या दुकानाचे मालक हिकमत आले. गृहस्थ कसे, तर आल्याआल्या माझ्या वडिलांच्या गुडघेदुखीची चौकशी करणारे. माझं वाक्य ऐकून त्यांनीही तोंड वाकडं केलं. "खून कोणाचा केला होता, ताई?" याचं उत्तर मला कोणी लिहून दिलं नव्हतं. सुचलं ते बोलून गेले, "बायकोचा." "अस्सं होय!" त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मग आधी सांगायचं ना! मला वाटलं, कोणी खुनीबिनी आहे." त्यांनी स्वेटर अंगात चढवला, बाह्या नीट केल्या. "उबदार आहे हो." ते गेल्यावर काचेमागून सगळं बघत असलेले प्रोफेसर बाहेर आले. "ठरलेल्या वाक्याबाहेर एक शब्द बोलायचा नाही, सांगितलं होतं ना? आता हा माणूस निकालातून वगळ. आणि स्वेटर घडी करून ठेव, पुढचा बाहेर थांबलाय." तो स्वेटर कोणाचाच नव्हता. प्रयोगासाठी मीच तो बाजारातून कोरा आणला होता. तरी माझा हात पुढे होईना. शेवटी मी तो पेन्सिलीच्या टोकानं उचलला.