डाव्या चाकाचं लिंबू

“मामा, ह्या डाव्या चाकात चुंबक आहे म्हणता, मग माझी सुई का हलत नाही?”

शांभवीनं शेडमधल्या सगळ्यांसमोर विचारलं. कुंपणाच्या भिंतीवर बसलेल्या तिच्या मैत्रिणी जननी आणि राजमनं एकमेकींचे हात धरले. पैज त्यांनीच लावली होती. विजेचा ब्रेक म्हणजे चुंबक, असं शांभवी अख्ख्या वर्गाला सांगत सुटली होती. तर जा, सगळ्या पुरुषांसमोर विचारून दाखव, रोझमिल्क आमच्याकडून.

तिच्या तळहातावर रुपयाएवढं होकायंत्र होतं. शेडचे वायरमन कृष्णस्वामी मामा हसले. “सुईलाही आज सुट्टी असेल.”

ब्रेक शेडमध्येच बांधलेल्या नव्या ट्रेलरचे होते. पापनाशमच्या वैद्यनाथांनी भात कापायचं यंत्र घेतलं होतं, चार टनांचं. कालव्याच्या पुलाच्या उतारावर ट्रॅक्टर थांबतो, मागचं ओझं थांबत नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत आणि ते विजेचेच हवेत, हे शेडच्या मालकांनी, शांभवीच्या वडिलांनी, अप्पा वेंकटरावांनी, ठरवलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत असले ब्रेक इथं बघायलाही मिळत नव्हते. आता यंत्र चढवून झालं होतं, दोन्ही चाकांपुढे मुहूर्ताला चिरडायचं एकेक लिंबू ठेवून झालं होतं, निघायचंच बाकी होतं.

“कुट्टी, पोरी, राहूकाळाआधी मला पूल ओलांडायचाय,” वैद्यनाथ म्हणाले. “खेळ नंतर.”

“खेळ नाही. मामांनी खटका दाबला की उजव्या चाकापाशी सुई गर्रकन फिरते. डाव्यापाशी ढिम्म.”

“अष्टमीला दोन्ही चाकं मी तपासलीत,” मामा म्हणाले. आता ते हसत नव्हते.

“मग मीटर लावून बघा ना.”

मीटर पूजेत होता. काल आयुधपूजा झाली, तेव्हापासून नटबोल्टचे पाने, पकडी, मीटर गंधकुंकू लावून पाटावर होते, शांभवीच्या पुस्तकांशेजारी. पुन्हा आरती होईपर्यंत कुणी हात लावणार नव्हतं. आई निरांजनाचं ताट घेऊन उभी होती, पण तिचं लक्ष होकायंत्राकडे होतं.

“हे पूजेत ठेवलं नव्हतंस?”

“विसरले.”

“विसरलीस की ठेवलं नाहीस?”

शांभवीनं सुईकडे बघितलं.

“हातपाय धू, जा. दहाला टायपिंगचा क्लास. विजयादशमीला आरंभ केलेली विद्या टिकते, म्हणून आजपासून नाव घातलंय तुझं.”

“थांब जरा,” अप्पा म्हणाले. “दोन हात पुढे चालवून बघू. होऊन जाऊ दे हिचं समाधान.”

वैद्यनाथांनी ट्रॅक्टर हळूच पुढे सोडला. शेजारी बसलेल्या मामांनी खटका दाबला. उजवं चाक लिंबाला टेकून थांबलं. डावं फिरतच राहिलं. ट्रेलर तिरका झाला आणि डाव्या चाकाखालचं लिंबू फच्चकन फुटलं.

वैद्यनाथांनी इंजिन बंद केलं. पुलाच्या दिशेनं त्यांनी एकदा नुसतं बघितलं.

“अष्टमीला चालत होतं,” मामा पुटपुटले.

“मग अष्टमीनंतर काय बदललं?” शांभवीनं विचारलं. ह्या प्रश्नाची पैज कुणी लावली नव्हती.

अप्पा ट्रेलरच्या निळ्याशार चौकटीकडे बघत होते. “रंग,” ते हळू आवाजात म्हणाले. “पूजेसाठी रंग मीच दिला. डाव्या बाजूचा अर्थिंगचा बोल्ट काढला, त्याच्याखालीसुद्धा दिला. नीट दिसावं म्हणून.”

“रंगावर बोल्ट आवळलात, वेंकटराव?” मामांनी कपाळाला हात लावला. “रंगातून वीज जात नाही, मग ती परत जाणार कुठून?”

आईनं कुणाला विचारलं नाही. पाटासमोर घाईघाईनं आरती ओवाळली, एका पान्यावरचं फूल बाजूला केलं आणि पाना अप्पांपुढे धरला. अप्पांनी बोल्ट सोडवला. मग पॉलिशपेपरचा तुकडा शांभवीला दिला.

“तूच घास. चूक तू पकडलीस.”

ती ट्रेलरखाली आडवी झाली. नव्या पावडईचा, परकराचा घेर मातीत. निळ्या रंगाखालून पांढरं लोखंड दिसेपर्यंत तिनं घासलं. मामा उकिडवे बसून सांगत होते: नीट चमकू दे, मग आवळ, मग वरून ग्रीस, चिखलानं गंज धरतो, दर कापणीआधी उघडून बघायचं. ती ‘हं, हं’ म्हणत होती आणि एकेक शब्द मनात ठेवत होती.

मामांनी खटका दाबला. डाव्या चाकापाशी सुई गर्रकन फिरली. भिंतीवर जननीनं शिट्टी वाजवली.

नवं लिंबू आलं. ट्रॅक्टर सुटला, खटका दाबला, आणि दोन्ही चाकं दोन्ही लिंबांना टेकून एकदम थांबली.

“अय्यो, पण लिंबू फुटायला नको का?” आई म्हणाली.

“ब्रेक सोडला की फुटतं, अम्मा,” वैद्यनाथ हसले. जाताना त्यांनी शांभवीला हात जोडले, मोठ्या माणसाला जोडतात तसे.

ट्रेलर वळणाआड गेला. शांभवीनं होकायंत्र पावडईला पुसलं आणि पाटावर मीटरशेजारी ठेवलं. तिच्या नखांत निळा रंग होता.

“आई, अप्पा,” ती म्हणाली, “टायपिंगला मी जाणार नाही. मी इथं मामांकडे शिकणार, आणि दहावी झाली की पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल घेणार. आज विजयादशमी आहे. माझा आरंभ झालाय.”