एरंडेलाची वेणी

लग्नाला सहा महिने झाले, तरी मैनाबाईंना सुनेचे कुरळे केस खपत नव्हते. "घरंदाज बाईचे केस असे पिंजारलेले रायते काय वं?" म्हणत त्या रोज सकाळी शकुनच्या डोक्यावर एरंडेल थापत आणि तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत वेणी आवळत.

अमरावतीत नाटक कंपनी आली, तेव्हा त्या सुनेला घेऊन गेल्या. राणी रंगमंचावर आली, कुरळे केस पाठीवर मोकळे सोडून. मैनाबाई हरखल्या. साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय केस हायेत! असी सून पायजे होती माह्या पोराले!"


शकुन तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, तो बाप्या हाय. केस बी टोपाचे हायेत."