जानरावांनी आणलेलं कार्ड

"बाबा, वांगे तोडाचे राह्यले म्हणत होते ना? जा मंग. राखी येन्याच्या आत या."

जानराव काही जागचे हलेनात. लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरकडे ते असे पाहत होते, जशी त्याची पाठवणीच चाललीय.

"जातो वं. पण राखीले थे कार्ड दाखवजो. सांगजो, ह्या कार्डानं आमची तनू पुण्याले नोकरीवर नेली."

"सांगतो, बाबा."

ते वावराकडे गेले तशी तनुजानं दार लोटलं आणि पर्समधून नवंकोरं ग्राफिक्स कार्ड काढलं. आपल्याच घरात चोरी करायची म्हणजे काय सोपं काम आहे?

शेजारच्या राखीची बारावी झाली होती. तिलाही तनुजासारखं ॲनिमेशन शिकायचं होतं. जानरावांनी परस्पर कबूल करून टाकलं, आमचा कॉम्प्युटर घेऊन जा, त्यात कार्ड आहे. झालं! आता राखी त्या कार्डाला स्क्रीनची वायर लावणार, स्क्रीन काळी ती काळीच राहणार, आणि अख्ख्या शेलूबाजार गावात बोभाटा होणार की जानरावांना दुकानदारानं बनवलं. इतकी वर्षं झाकलेलं आज उघडं पडणार. बापाचा तो पडलेला चेहरा तनुजाला बघवला नसता.

तिची बारावी झाली त्या उन्हाळ्यात ती एकदाच बोलून गेली होती, की कॉम्प्युटरच्या अंगच्या ग्राफिक्सवर हे काम निभत नाही, वेगळं कार्ड लागतं. बापानं तेवढंच धरून ठेवलं. भाजी घेऊन अकोल्याला गेले आणि येताना दुपट्ट्यात गुंडाळून कार्ड आणलं. कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः बसवलं, वर उदबत्ती ओवाळली.

कार्ड चालेना. तनुजानं कार्डाच्या पंख्याखाली टॉर्च मारून पाहिलं, तर जिथं चिप असायची तिथं नुसती मोकळी जागा. निव्वळ टरफल! बाहेर जानराव येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून कार्डाचं सांगत होते. तिनं मुकाट्यानं वायर जुन्या जागी लावली, सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन कायमची ऑनबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंगच्या ग्राफिक्सवर, टाकली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाप्पा! काय पळून राह्यला कॉम्प्युटर!"

पळतोय कसला! एवढंसं चित्र तयार करायला लावून ती भेंडी तोडायला जायची. ओळीच्या ओळी संपवून परत यावं, तर ते अर्ध्यावर रखडलेलं. पण दिवस काय होते ते! कॅबिनेटची घरघर, खिडकीतून येणारा ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वास, आणि मातीचे पाय घेऊन उंबऱ्यावरूनच विचारणारा बाप.

"पळून राह्यला ना?"

"पळून राह्यला, बाबा."

या खोट्याचं तिला कधीच वाईट वाटलं नव्हतं. उलट बापलेकीत तेवढं एकच खोटं, म्हणून तिनं ते जिवापाड जपलं होतं.

तिनं घाईनं स्क्रू काढले, जुनं कार्ड उपसलं आणि मोबाईलचा उजेड पंख्याखाली धरला.

चिप होती.

अगं बाई! तिनं कार्ड उलटंपालटं केलं. चांगली काळीभोर, चौकोनी चिप. तिनं तेच कार्ड परत बसवलं, सेटिंग बदललं, आणि इतक्या वर्षांनी वायर पुन्हा कार्डात लावली. स्क्रीन लख्ख उजळली. कॉलेजातलं एक जुनं चित्र तिनं तयार करायला लावलं. माठातलं पाणी पिऊन येते न येते तोच ते तयार.

"झालं का वं?" वांग्यांचं टोपलं घेऊन जानराव दारात उभे होते.

"बाबा, हे कार्ड थे पह्यलं नाही."

जानराव ओशाळले. टोपलं खाली ठेवून दुपट्ट्यानं तोंड पुसत बसले.

"आता तुह्यापासून कायले लपवू? पह्यलं खोटंच निघालं वं. त्याच दुकानातून शेजारच्या गणेशनं कार्ड आणलं होतं, त्याचंबी आतून रिकामं होतं. अन् तू तं रोज म्हणे, पळून राह्यला. माह्या जिवासाठी पोरगी खोटं बोलून राह्यली, एवढंबी मले समजत नवतं का? मंग दिवाळीत खरं आणलं, अन् एक दिवस तू कॉलेजात गेली तवा गुपचूप बदलून टाकलं. म्हटलं, आता तरी हिचं बोलणं खरं होऊ दे."

तनुजा पुन्हा वाकून कार्डात लावलेली वायर पाहू लागली. जानरावांना वाटलं, लेकीला आपल्या कारागिरीचा भरवसा नाही. ते छाती पुढे काढून म्हणाले,

"काही बिघडू देल्लं नाही बरं. खोलाच्या आधी फोटोच काढून ठेवला होता मी. ज्या भोकातून वायर काढली, बरोबर त्याच भोकात परत लावली."