सात सेकंद

कंपनीचा फाइल पाठवणारा, सी भाषेतला जुना प्रोग्राम सुचेताकडे आला होता. प्रत्येक फंक्शन काय करतं आणि का, एवढंच तिला लिहायचं होतं. एका फंक्शनपाशी मात्र ती अडली. फाइलचा शेवटचा तुकडा पाठवण्याआधी ते सात सेकंद नुसतं थांबायचं. “उडवून टाक,” टीमलीड सुशांत म्हणाला. पण सातच का? प्रोग्राम लिहिणाऱ्या, बंगळुरात येलहंकाला राहणाऱ्या निवृत्त विठोजींना तिनं फोन लावला. “अक्का, इथल्या पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात फाइल पुरी पोचली की पत्रा दाबणारा प्रेस दाणकन खाली येतो. पत्रा ठेवून हात काढायला स्वल्प वेळ नको? मालनबाई तिथं कामाला होती. तिचे हात बघत मी घड्याळ लावून सात मोजले.” “त्या आता कुठं असतात?” “इथंच. लग्न केलं की आम्ही.” मागून भाकरी थापल्याचा आवाज आला, दोन्ही हातांचा. ‘काय’पुढे सुचेतानं लिहिलं: सात सेकंद थांबतं. ‘का’पुढे लिहिलं: हात बाहेर येईपर्यंत.