चोवीस तास

कोरियन पाहुण्यांच्या स्कूबा सफरीच्या वेळापत्रकाचा कागद सफरींचं काम बघणाऱ्या नीउमाने तिसऱ्यांदा फाडला. शनिवारी त्यांचं विमान. पाण्याखाली जाऊन आल्यावर चोवीस तास विमानात बसायचं नाही, म्हणून शुक्रवार मोकळा सोडावा लागला होता. एवढं जमवलं, तर गाईड शिहामने पुन्हा पाण्यात उतरायच्या सगळ्या फेऱ्यांमधून स्वतःचं नाव खोडलेलं.

"महिना झाला तुझं हे. अख्ख्या मालदीवमध्ये पाण्याला न शिवणारा गाईड माझ्याच नशिबी आला होय रे?"

"सिलिंडर भरतो, बोट चालवतो. पाण्यात तेवढं उतरायला सांगू नका, ताई."

"घाबरला असशील तर तसं सांग. मी दुसरा बघते."

शिहाम फाटलेले तुकडे गोळा करू लागला.

"अब्बा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नुकताच पाण्यातून वर आलो होतो. विमानात बसता येईना. अख्खी रात्र बोटीत काढून घरी पोचलो, तोवर दफन आटोपलं होतं."

नीउमाच्या हातातलं पेन थांबलं.



"आता आई अंथरुणावर आहे, ताई. या वेळी मला विमानाने जायचंय."