हिरव्या पडद्यापुढे

बाबा गेल्यापासून मायची मनगटं रिकामी होती आणि सुरतेत हळदीची गाणी म्हणायला तिला कुणी बोलावत नव्हतं. म्हणून मीच तिचा व्हिडिओ करायला घेतला. लूमच्या कारखान्यातून आणलेलं हिरवं कापड भिंतीवर ताणलं. “पडद्याचा रंग कॉम्प्युटर पुसतो,” मी सांगितलं. “तिथे गावचा मांडव दिसेल.” “म्हणजे हिरवं काहीच दिसाव नही?” मायने विचारलं. “काहीच नाही.” ती आत जाऊन आली तेव्हा दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. कधी आणल्या होत्या, मी विचारलं नाही. टाळ्या वाजवत ती खणखणीत गायली, मी मोबाइलवर सगळं टिपलं. कॉम्प्युटरवर मांडव झकास बसला. बांगड्यांच्या जागीही मांडवच दिसत होता. किणकिण मात्र ऐकू येत होती. “किणकिणही काढू, माय?” तिने मनगटांवरच्या बांगड्या चाचपल्या. “नको. आते हे हिरवं काढ, निळं कापड लाव.”