रिबकाबाईची सांजप्रार्थना

या, जरा जवळ सरका. लढाईच्या दिवसांतली, मुरबाडकडची एक गोष्ट सांगतो. शेतमजुरीहून आली की रिबकाबाई रोज अंगणात गुडघे टेकून, एक भजन गाऊन प्रार्थना करायची. एकदा तापानं तिला उठवेना. "देव वाट बघत आसंल गो," म्हणून ती रडायला लागली.

"रडतेस काय? मी सांगून येते," म्हणत यमू उठली. यमू तिची शेजारीण, मजुरीतली जोडीदारीण, ख्रिस्ती नव्हे. कोणी आजारी पडलं की शेतमालकाला निरोप द्यायचं काम नेहमी तिचंच. पदर सावरून ती अंगणात उभी राहिली. आत रिबकाला ऐकू आलं:

"मालक, रिबकाला ताप हाय, आज यायची नाय. तिचा खाडा मांडू नका."

आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा यमूचंही नाव घ्या.